घोड्याच्या गोठित वीर्याची गुणवत्ता : शास्त्रीय आधार, मर्यादा आणि सुधारणेच्या दिशा

सारांश :

गोठित वीर्याच्या साहाय्याने होणारे कृत्रिम रेतन गोवंशाच्या बाबतीत आज खेडोपाडी पोहोचले आहे. अश्वप्रजननात मात्र हे तंत्र अद्याप त्या प्रमाणात रुजलेले नाही. घोड्याचा शुक्राणू अतिशीत अवस्थेला तोंड देण्यात दुबळा ठरतो, एका वीर्यस्खलनातून मोजक्याच रेतमात्रा तयार होतात आणि नरानरांमध्ये या बाबतीत मोठी तफावत आढळते, ही त्यामागची प्रमुख कारणे होत. प्रस्तुत लेखात गोठविण्याच्या क्रियेत शुक्राणूला होणाऱ्या इजांचे स्वरूप, ती टाळण्यासाठी संकलनापासून वितळविण्यापर्यंत योजले जाणारे उपाय, गुणवत्ता मोजण्याच्या पद्धती व त्यांच्या मर्यादा आणि घोडीच्या व्यवस्थापनाचे महत्त्व यांचा आढावा घेतला आहे. देशी अश्वजातींच्या संवर्धनासाठी या विषयाला असलेले महत्त्वही अखेरीस स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : अश्वप्रजनन, गोठित वीर्य, शीतसंरक्षक, शुक्राणूंची गतिशीलता, कृत्रिम रेतन, देशी अश्वजाती.

१. प्रस्तावना :

भारतातील घोड्यांची संख्या झपाट्याने घटत आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे व तट्टे मिळून सुमारे ६.२५ लाख जनावरे होती. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत हा आकडा सुमारे ३.४ लाखांवर आला. म्हणजे अवघ्या सात वर्षांत ४५ टक्क्यांहून अधिक घट झाली. यांत्रिक वाहतुकीच्या काळात ही घट अनपेक्षित नाही. परंतु संख्येबरोबर जातिवंत नरांची संख्याही कमी होते आणि उरलेल्या घोड्यांत जवळच्या नात्यातील पैदास वाढते, ही अधिक चिंतेची बाब आहे. एखादा उत्तम नर मरण पावला की त्याचे आनुवंशिक वाण त्याच्याबरोबर संपते.

अशा परिस्थितीत गोठित वीर्य हा वाण टिकविण्याचा एक व्यवहार्य मार्ग आहे. उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेले वीर्य अनेक दशके टिकू शकते. ते शेकडो किलोमीटर दूर नेता येते, त्यासाठी नराला किंवा घोडीला प्रवास घडवावा लागत नाही. मात्र हे सारे लाभ एका अटीवर अवलंबून आहेत : वितळविल्यानंतर त्या वीर्यात फलनक्षम शुक्राणू पुरेशा संख्येने जिवंत असले पाहिजेत. घोड्याच्या बाबतीत ही अट पुरी करणे कठीण का जाते आणि ती पुरी करण्यासाठी काय करता येते, हे सांगणे हा या लेखाचा हेतू आहे. विषय पशुप्रजननशास्त्राचा असला तरी त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र यांचा निकटचा संबंध येतो. म्हणून इतर विद्याशाखांच्या अध्यापकांनाही तो उद्बोधक वाटेल अशी अपेक्षा आहे.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी :

वीर्य गोठविण्याच्या आधुनिक शास्त्राचा आरंभ १९४९ साली झाला. लंडनजवळील मिल हिल येथील संशोधनसंस्थेत ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्रे स्मिथ आणि ॲलन पार्क्स हे कोंबड्याच्या वीर्यावर प्रयोग करीत होते. बाटल्यांवरील चिठ्ठ्यांच्या गोंधळामुळे शर्करेच्या द्रावणाऐवजी ग्लिसरॉल असलेले द्रावण वापरले गेले आणि गोठविलेले शुक्राणू वितळविल्यावर पुन्हा हालचाल करू लागले. या योगायोगाने लागलेल्या शोधावर पुढील सर्व प्रगती उभी राहिली. काही वर्षांतच गोवंशासाठी गोठित वीर्याचा वापर सुरू झाला.

अश्वजातीत पहिले यश १९५७ साली मिळाले. कॅनडात बार्कर आणि गँडियर यांनी घोड्याच्या अधिवृषणातून काढलेले शुक्राणू गोठवून त्यांच्या साहाय्याने घोडी गाभण राहिल्याची नोंद केली. म्हणजे गोवंश आणि अश्व यांतील सुरुवातीचे अंतर केवळ काही वर्षांचे होते. पण पुढे ते वाढत गेले. त्यामागे जैविक कारणांप्रमाणे सामाजिक कारणेही होती. जगभरातील थरोब्रेड शर्यतीच्या घोड्यांच्या नोंदवह्या आजही फक्त नैसर्गिक संयोगातून जन्मलेल्या शिंगरांचीच नोंद करतात. भारतात ही नोंद पुण्यातील स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडिया ठेवते आणि तेथेही हाच नियम आहे. ज्या घोड्यांच्या पैदाशीत सर्वाधिक पैसा आहे त्यांनाच हे तंत्र वर्ज्य असल्यामुळे त्यावरील संशोधनाला अपेक्षित आर्थिक पाठबळ दीर्घकाळ मिळाले नाही. युरोपातील वॉर्मब्लड क्रीडाघोड्यांच्या संघटनांनी ते स्वीकारल्यावर परिस्थिती बदलली.

३. वळू आणि घोडा : तुलनात्मक विचार :

महाराष्ट्राला गोठित वीर्याची ओळख झाली ती प्रामुख्याने गायींच्या संकर कार्यक्रमामुळे. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या बाएफ संस्थेने हे तंत्र शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेले. त्यामुळे घोड्याच्या बाबतीतही तसेच का होत नाही, हा प्रश्न साहजिकच विचारला जातो. त्याचे उत्तर पुढील हिशोबातून मिळते.

वळूच्या एका स्खलनात ६ मिलिलिटर वीर्य आणि दर मिलिलिटरमध्ये १२० कोटी शुक्राणू आहेत असे मानू. एकूण शुक्राणू ७२० कोटी होतात. गायीसाठीच्या एका रेतकांडीत सुमारे २ कोटी शुक्राणू पुरतात. म्हणजे या एका स्खलनातून साडेतीनशेच्या आसपास मात्रा तयार होऊ शकतात.

आता घोड्याच्या स्खलनात ५० मिलिलिटर वीर्य आणि दर मिलिलिटरमध्ये २० कोटी शुक्राणू आहेत असे मानू. एकूण संख्या १००० कोटी, म्हणजे वळूपेक्षाही अधिक. परंतु प्रक्रियेत एक चतुर्थांश वाया गेले तर ७५० कोटी उरतात. क्रीडाघोड्यांच्या पैदासकारांच्या जागतिक महासंघाच्या शिफारशीनुसार एका मात्रेत वितळविल्यानंतर किमान २५ कोटी अग्रगामी गतिशील शुक्राणू असावेत आणि अशा शुक्राणूंचे प्रमाण किमान ३५ टक्के असावे. अर्धा मिलिलिटरच्या एका कांडीत १० कोटी शुक्राणू भरले तर आठ कांड्यांची, म्हणजे ८० कोटी शुक्राणूंची एक मात्रा धरावी लागते; त्यातून ३५ टक्क्यांच्या हिशोबाने २८ कोटी गतिशील शुक्राणू मिळतात. या हिशोबाने एका स्खलनातून जेमतेम नऊ मात्रा होतात.

गुणवत्ता घसरली तर हे गणित अधिकच बिघडते. वितळविल्यानंतरची गतिशीलता २५ टक्के असेल तर २५ कोटींची अट पुरी करण्यास दहा कांड्या लागतील आणि मात्रा सात होतील. ती १५ टक्के असेल तर सतरा कांड्या लागून केवळ चार मात्रा मिळतील. शिवाय अशा वीर्यात मृत शुक्राणूंचा भार फार मोठा असल्याने केवळ कांड्या वाढवून उणीव भरून निघत नाही. गोठित वीर्याची गुणवत्ता सुधारणे हा म्हणूनच संपूर्ण तंत्राच्या आर्थिक व्यवहार्यतेचा प्रश्न आहे.

आणखी एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. वळूंची निवड करताना ज्यांचे वीर्य नीट गोठत नाही ते वीर्यकेंद्रातून बाद केले जातात. पिढ्यान्‌पिढ्या अशी चाळणी लागल्यामुळे गोठवणसुलभता हा गुणही नकळत निवडला गेला. घोड्यांची निवड मात्र वेग, उडी, चाल, रंग, उंची आणि वंशावळ पाहून होते. वीर्य कसे गोठते याचा विचार त्यात नसतोच.

४. गोठविताना शुक्राणूला इजा कशी होते :

शुक्राणू ही अत्यंत विशेषीकृत पेशी आहे. तिच्यात दुरुस्तीची यंत्रणा जवळजवळ नसते, पेशीद्रव्य अत्यल्प असते आणि तिचे सारे कार्य पेशीपटलाच्या अखंडतेवर अवलंबून असते. गोठविण्याच्या क्रियेत होणाऱ्या इजा चार प्रकारच्या सांगता येतील.

पहिली इजा शीतधक्क्याची. वीर्य सुमारे २० अंशांवरून ५ अंशांपर्यंत थंड होत असताना पेशीपटलातील मेदद्रव्ये प्रवाही अवस्थेतून घट्ट अवस्थेत जातात. थिजलेल्या तुपाप्रमाणे काही भाग आधी गोठतात, काही नंतर. त्यांच्या सीमारेषांवर पटलाला छिद्रे पडतात आणि कॅल्शियम आत शिरते. पटलातील कोलेस्टेरॉलचे प्रमाण अधिक असेल तर हा बदल सौम्य होतो. मानव आणि ससा यांच्या शुक्राणूत हे प्रमाण तुलनेने अधिक असते. घोड्याच्या शुक्राणूत ते कमी असल्याने तो शीतधक्क्याला लवकर बळी पडतो.

दुसरी इजा बर्फाची आणि तिसरी परासरणाची. या दोन्हींचा विचार एकत्र करावा लागतो. वीर्य गोठू लागते तेव्हा बर्फ प्रथम शुक्राणूच्या बाहेर तयार होतो. बर्फ शुद्ध पाण्याचा असतो. त्यामुळे उरलेल्या द्रावणातील क्षारांची संहती वाढत जाते आणि शुक्राणूतील पाणी बाहेर ओढले जाते. थंड करण्याचा वेग फार मंद असेल तर शुक्राणू दीर्घकाळ या तीव्र क्षारांत राहून निर्जलित होतो. वेग फार अधिक असेल तर पाणी बाहेर पडण्यास अवधी मिळत नाही आणि पेशीच्या आतच बर्फाचे स्फटिक बनतात. पीटर मॅझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली मांडलेला हा द्विघटक सिद्धांत आजही या शास्त्राचा पाया मानला जातो. या दोन संकटांच्या मधला योग्य वेग शोधणे हेच गोठवण्याचे मर्म होय. वितळविताना हीच वाट उलट्या दिशेने चालावी लागते आणि तेव्हा पाणी वेगाने आत शिरून पेशी फुगते.

चौथी इजा ऑक्सिडीकरणाची. घोड्याच्या शुक्राणूच्या पेशीपटलात बहु-असंपृक्त मेदाम्लांचे प्रमाण मोठे असते आणि ती ऑक्सिजनच्या क्रियाशील रेणूंना सहज बळी पडतात. हा शुक्राणू आपली ऊर्जा मुख्यतः तंतुकणिकांतील श्वसनक्रियेतून मिळवितो. त्यामुळे असे रेणू त्याच्यात सततच निर्माण होत असतात. ऑस्ट्रेलियातील २०१४ च्या एका अभ्यासात तर अधिक फलनक्षम वीर्यनमुन्यांतच ऑक्सिडीकरणाच्या खुणा अधिक आढळल्या. जो शुक्राणू अधिक जोमाने कार्य करतो तो लवकर थकतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. या निष्कर्षामुळे ‘अधिक प्रतिऑक्सिडीकारक घाला म्हणजे गुणवत्ता सुधारेल’ ही सरळ समजूत पुन्हा तपासणे भाग पडले.

या चार इजांतून जगलेल्या शुक्राणूंतही एक सूक्ष्म बदल दिसतो. मादीच्या जननमार्गात फलनापूर्वी शुक्राणूत जे पक्वतेचे बदल व्हावयाचे ते अतिशीतनामुळे आधीच घडू लागतात. असा शुक्राणू वितळविल्यावर चांगला पोहतो, पण त्याचे आयुष्य अल्प ठरते. याचा परिणाम घोडीच्या व्यवस्थापनावर कसा होतो हे पुढे पाहू.

५. प्रक्रियेचे टप्पे आणि सुधारणेचे उपाय :

५.१ संकलन : वीर्याचे संकलन कृत्रिम योनीच्या साहाय्याने, लाकडी वा धातूच्या सांगाड्यावर किंवा माजावर आलेल्या घोडीवर केले जाते. घोड्याचे वीर्य एकसंध नसते. ते लागोपाठच्या अनेक पिचकाऱ्यांतून बाहेर पडते. पहिल्या काही पिचकाऱ्यांत बहुतेक शुक्राणू असतात आणि शेवटच्या भागात चिकट जेल येते. गाळणी वापरून जेल वेगळे करणे आवश्यक असते. प्रजननहंगामापूर्वी साठलेले जुने शुक्राणू काही दिवस नियमित संकलन करून काढून टाकल्याशिवाय गोठविण्यास आरंभ करू नये. हा साधा, बिनखर्चाचा उपाय असूनही अनेकदा दुर्लक्षित राहतो.

५.२ वीर्यद्रव वेगळा करणे : घोड्याच्या वीर्यातील द्रव भाग विपुल असतो आणि साठवणीत तो शुक्राणूंना अपायकारक ठरतो. म्हणून वीर्य गोळा होताच कोमट विरलकात मिसळून ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवितात. सामान्यतः गुरुत्वाच्या ४०० ते ६०० पट बलाने १० ते १५ मिनिटे फिरविल्यास शुक्राणू तळाशी बसतात. येथे पेच असा की बल कमी ठेवले तर शुक्राणू वरच्या द्रवाबरोबर टाकून दिले जातात. वाढविले तर तळाशी दाबले जाऊन जखमी होतात. यावर दोन उपाय पुढे आले. पहिला, नळीच्या तळाशी आयोडिक्सॅनॉलसारख्या जड द्रवाची ‘उशी’ ठेवणे. त्यामुळे १००० पट बल वापरूनही शुक्राणू सुरक्षित राहतात आणि वाया जाणारे प्रमाण घटते. दुसरा, सिलिका कणांच्या कलिली द्रवाच्या एकाच थरातून वीर्य गाळणे. स्वीडनच्या कृषिविज्ञान विद्यापीठात जेन मॉरेल यांनी ही पद्धत विकसित केली. तीत अखंड पटलाचे, सुदृढ शुक्राणू खाली उतरतात आणि मृत शुक्राणू व जंतू वरच राहतात. संख्या घटते, पण प्रत सुधारते. ज्या नरांचे वीर्य मुळातच सदोष आहे त्यांच्यासाठी हा सौदा फायद्याचा ठरतो.

५.३ विरलक आणि शीतसंरक्षक : विरलकात शुक्राणूला ऊर्जा देणारी शर्करा, आम्लता स्थिर राखणारे घटक, जंतुनाशके आणि पटलाचे रक्षण करणारी द्रव्ये असतात. अंड्याचा पिवळा बलक आणि मलईविरहित दूध ही त्यातील दोन पारंपरिक द्रव्ये. बलकातील कमी घनतेची मेदप्रथिने शुक्राणूच्या पटलाला चिकटून त्याचे रक्षण करतात. फ्रान्समध्ये रूढ झालेल्या पद्धतीत दूध, बलक आणि सुमारे २.५ टक्के ग्लिसरॉल यांचा उपयोग केला जातो.

ग्लिसरॉल हे उपकारक तसेच अपायकारकही आहे. त्याचा रेणुभार ९२ असून तो पेशीत सावकाश शिरतो आणि सावकाश बाहेर पडतो. परिणामी परासरणाचा ताण वाढतो. मिथिल फॉर्मामाइडचा रेणुभार ५९ आणि डायमिथिल फॉर्मामाइडचा ७३ आहे. लहान रेणूंमुळे ही अमाइड द्रव्ये पटलातून जलद ये-जा करतात. ब्राझीलमध्ये विकसित झालेल्या एका प्रसिद्ध विरलकात १ टक्का ग्लिसरॉल आणि ४ टक्के मिथिल फॉर्मामाइड असा संयोग आहे. ज्या घोड्यांचे वीर्य केवळ ग्लिसरॉलमध्ये नीट गोठत नाही त्यांच्यात अमाइडयुक्त विरलकाने लक्षणीय सुधारणा होते, हे या क्षेत्रातील महत्त्वाचे निरीक्षण आहे. ज्यांचे वीर्य मुळातच उत्तम गोठते त्यांच्यात हा फरक फारसा जाणवत नाही.

पटलातील कोलेस्टेरॉलची उणीव बाहेरून भरून काढण्याचाही प्रयत्न झाला. सायक्लोडेक्स्ट्रिन या वर्तुळाकार शर्करारेणूच्या पोकळीत कोलेस्टेरॉल भरून ते शुक्राणूंना दिले असता वितळविल्यानंतर जिवंत राहणाऱ्या शुक्राणूंचे प्रमाण वाढते. तथापि गर्भधारणेतील लाभ तितका स्पष्ट दिसून आला नाही. फलनापूर्वी पटलातून कोलेस्टेरॉल बाहेर पडणे आवश्यक असते. ते अधिक भरल्यास ही क्रिया लांबते, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. प्रयोगशाळेतील सुधारणा आणि शिंगराचा जन्म या एकच गोष्टी नव्हेत, याचे हे बोलके उदाहरण होय.

५.४ थंड करणे, गोठविणे आणि वितळविणे : शीतधक्का टाळण्यासाठी वीर्य २० अंशांपासून ५ अंशांपर्यंत सावकाश थंड केले जाते. त्यानंतर मात्र वेग वाढवावा लागतो; संगणकनियंत्रित यंत्रात दर मिनिटास सुमारे ६० अंश या वेगाने कांड्या उणे १४० अंशांपर्यंत नेल्या जातात आणि मग द्रव नायट्रोजनमध्ये बुडविल्या जातात. यंत्र नसेल तर थर्मोकोलच्या पेटीत द्रव नायट्रोजनच्या पृष्ठभागापासून सुमारे ४ सेंटिमीटर उंचीवर कांड्या आडव्या ठेवून वाफेत गोठविता येतात. या साध्या पद्धतीने चांगले परिणाम मिळतात. मात्र उंची, वेळ आणि नायट्रोजनची पातळी प्रत्येक वेळी सारखी राखली पाहिजे. वितळविण्यासाठी ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद ही रीत सर्वाधिक प्रचलित आहे. उणे १३० अंशांखाली जैविक क्रिया व्यवहारतः थांबलेल्या असतात. म्हणून साठवणीत कांड्या पात्राच्या गळ्याशी वारंवार उचलून पाहणे ही गुणवत्तेची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सामान्य नासाडी आहे.

६. गुणवत्तेचे मोजमाप :

वितळविलेल्या वीर्याचा थेंब कोमट काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली गतिशील शुक्राणूंची टक्केवारी अजमावणे ही जुनी रीत. निरीक्षकानुसार तीत फरक पडतो. संगणकाधारित विश्लेषणाने हा दोष बराचसा दूर केला. त्यापुढे प्रवाहपेशीमापनाने एकाच वेळी हजारो शुक्राणूंचे पटल, अग्रभागातील ॲक्रोसोम, तंतुकणिकांची विद्युत्‌क्षमता आणि डीएनएची अखंडता तपासता येऊ लागली.

इतके करूनही गतिशीलता आणि गर्भधारणा यांतील संबंध सैलच राहतो. ३० टक्के गतिशीलतेचे वीर्य काही घोड्यांच्या बाबतीत उत्तम फळ देते, तर ५० टक्क्यांचे काहींच्या बाबतीत निराशा करते. फलनासाठी शुक्राणूला अनेक गुण एकाच वेळी लागतात. त्यांपैकी एक मोजून बाकीच्यांविषयी अनुमान करणे धोक्याचे असते.

मग घोड्या गाभण राहतात की नाही हेच का पाहू नये? येथे संख्याशास्त्र आडवे येते. दर माजचक्रातील गर्भधारणेचे प्रमाण ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेले, तर पैदासकाराच्या दृष्टीने ती मोठी सुधारणा होय. पण ही सुधारणा योगायोगाची नाही हे ५ टक्के सार्थकता पातळी आणि ८० टक्के सामर्थ्य या रूढ निकषांवर सिद्ध करावयाचे झाल्यास प्रत्येक गटात सुमारे ३९० माजचक्रांची गरज भासते. इतक्या घोड्या फार थोड्या संस्थांपाशी असतात. वीस-पंचवीस घोड्यांवरील प्रयोगांतून काढलेले निष्कर्ष परस्परविरोधी निघतात ते याचमुळे. म्हणून लहान प्रयोगांत एकाच स्खलनाचे भाग पाडून ते निरनिराळ्या पद्धतींनी गोठविणे, अनेक नरांचा समावेश करणे आणि नरानुसार निकाल स्वतंत्रपणे मांडणे आवश्यक ठरते. सर्व नरांची सरासरी काढली की नेमका ज्यांच्यासाठी उपाय शोधावयाचा त्या नरांचाच निकाल सरासरीत लपून जातो.

७. घोडीचे व्यवस्थापन :

उत्तम वीर्यही चुकीच्या वेळी वापरल्यास वाया जाते. नैसर्गिक संयोगानंतर शुक्राणू घोडीच्या जननमार्गात काही दिवस टिकतात. गोठित शुक्राणू मात्र १२ ते २४ तासच कार्यक्षम राहतात. बीजमोचनानंतर अंडपेशीचे आयुष्यही अल्प असते. त्यामुळे बीजमोचनापूर्वी १२ तास ते नंतर ६ तास या अवधीत रेतन व्हावे लागते. घोडीचा माज पाच ते सात दिवस चालतो आणि बीजमोचन त्याच्या अखेरीस होते; म्हणून केवळ माजाच्या लक्षणांवरून ही वेळ साधणे अशक्यप्राय आहे.

यासाठी सोनोग्राफीने बीजपुटकाची वाढ पाहतात. ते ३५ मिलिमीटरच्या पुढे गेले आणि गर्भाशयाला सूज दिसली की संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन बीजमोचन घडवितात. ते साधारणतः ३६ ते ४० तासांत होते. मग एकतर दर सहा तासांनी तपासणी करून बीजमोचन होताच एकदा रेतन करावे, किंवा इंजेक्शननंतर ठरावीक वेळी, उदाहरणार्थ २४ आणि ४० तासांनी, दोनदा करावे. दुसऱ्या रीतीत वीर्य अधिक लागते, श्रम कमी. मात्रा थोड्या असतील तेव्हा सोनोग्राफीच्या साहाय्याने लांब नळीने वीर्य गर्भाशयाच्या शिंगाच्या टोकाशी सोडता येते. रेतनानंतर गर्भाशयात दाह होणे स्वाभाविक आहे. वयस्क घोड्यांत मात्र तो रेंगाळतो आणि साठलेला द्रव धुऊन काढावा लागतो.

यावरून हे ध्यानात येईल की ‘गोठित वीर्य अपयशी ठरले’ असे म्हणताना त्यात घोडीचे वय, पशुवैद्यकाचे कौशल्य आणि वेळेचे नियोजन यांचाही वाटा असतो. या घटकांची नोंद न ठेवता केवळ वीर्याला दोष देणे शास्त्रीय ठरत नाही.

८. नव्या सहायक तंत्रांचा परिणाम :

अंडपेशीत एकच शुक्राणू सूक्ष्म सुईने सोडण्याच्या तंत्राने घोड्यात १९९६ साली अमेरिकेतील कोलोरॅडो येथे शिंगरू जन्मास आले. या तंत्रात कांडीचा एक बारीक तुकडाही अनेक अंडपेशींना पुरतो. मृत नराच्या मोजक्या कांड्या उरल्या असतील तेव्हा त्याचे मोल फार मोठे आहे. परीक्षानळीत शुक्राणू व अंडपेशी एकत्र ठेवून होणारे फलन घोड्यात दीर्घकाळ भरवशाचे झाले नव्हते. २०२२ साली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी शुक्राणूंना अधिक काळ पूर्वतयारी देऊन ते पुनःपुन्हा साध्य करून दाखविले. ही तंत्रे खर्चिक असल्याने त्यांच्यामुळे वीर्य गोठविण्यातील सुधारणेची गरज संपत नाही. सामान्य पैदासकारासाठी रेतन हाच मार्ग राहणार आहे.

९. भारतीय संदर्भ :

हरियाणातील हिसार येथील राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्र आणि त्याचे बिकानेर येथील उपकेंद्र या दोन ठिकाणी देशी घोड्यांच्या वीर्यसंकलनाचे, गोठविण्याचे आणि कृत्रिम रेतनाचे कार्य झाले आहे. मे २०२३ मध्ये बिकानेर येथे भ्रूण प्रत्यारोपणातून ‘राज प्रथमा’ ही मारवाडी शिंगी जन्मास आली. मारवाडी, काठियावाडी, झंस्कारी, स्पिती, मणिपुरी, भुतिया आणि कच्छी-सिंधी या नोंदणीकृत जातींच्या यादीत अलीकडे महाराष्ट्रातील भीमथडी घोड्याचीही भर पडली आहे. मराठ्यांच्या मोहिमांमुळे इतिहासात नाव झालेले हे काटक तट्टू आज मुख्यतः धनगर मेंढपाळांच्या भटकंतीत ओझे वाहताना दिसते. नोंदणीमुळे त्याला ओळख मिळाली. वाण टिकविण्याची तजवीज मात्र स्वतंत्रपणे करावी लागेल.

येथे एक धोका स्पष्ट सांगितला पाहिजे. वीर्यपेढीत ज्यांचे वीर्य चांगले गोठते असेच नर ठेवले, तर पेढी भरलेली दिसेल. पण तिच्यात जातीचे प्रतिनिधित्व राहणार नाही. मोठी संख्या असलेल्या गोवंशात अशी चाळणी परवडते. काही हजारांच्या वा त्याहून लहान संख्येच्या अश्वजातीत प्रत्येक वंशशाखा मोलाची असते. म्हणून दुर्बल गोठवणक्षमतेच्या नरांना वगळणे हा उपाय नसून त्यांच्यासाठी योग्य विरलक, योग्य शीतसंरक्षक आणि कलिली गाळण यांचा शोध घेणे, आणि कमी प्रतीच्या मात्राही भविष्यातील तंत्रांसाठी जपून ठेवणे, हे संवर्धनाचे धोरण असले पाहिजे.

व्यवहारातील प्रश्नही आहेत. सारंगखेड्याच्या वा माळेगावच्या यात्रेत घोड्यांचा मोठा व्यापार होतो, पण पैदाशीसाठी नर-मादी एकत्र आणताना संसर्गाचा धोका असतो. गोठित वीर्याने तो कमी होतो. नाहीसा होत नाही. घोड्यांतील विषाणुजन्य धमनीदाहाचा विषाणू आणि सांसर्गिक गर्भाशयदाहाचे जंतू वीर्यातून पसरू शकतात आणि गोठविल्याने ते मरत नाहीत. नराची तपासणी हा म्हणूनच गुणवत्तेचाच भाग समजला पाहिजे.

१०. निष्कर्ष :

१) घोड्याच्या गोठित वीर्याची गुणवत्ता संकलन, अपकेंद्रण, विरलक, गोठविण्याचा वेग, साठवण आणि वितळविणे या साखळीतील सर्वांत दुबळ्या कडीवर ठरते.

२) सर्व नरांसाठी एकच पद्धत पुरेशी नाही. प्रत्येक नराच्या वीर्याची दोन-तीन विरलकांत चाचणी घेऊन त्यानुसार पद्धत निवडावी.

३) गतिशीलता ही आवश्यक परंतु अपुरी कसोटी आहे. पटल, तंतुकणिका व डीएनए यांच्या चाचण्यांची जोड शक्य तेथे द्यावी आणि प्रत्यक्ष गर्भधारणेची नोंद नरानुसार ठेवावी.

४) संस्थांनी आपल्या नोंदी समान नमुन्यात ठेवून एकत्र केल्यास लहान प्रयोगांच्या संख्यात्मक मर्यादेवर मात करता येईल. या कामी संख्याशास्त्राच्या अध्यापकांचा सहभाग मोलाचा ठरेल.

५) देशी अश्वजातींच्या वीर्यपेढीत वंशशाखांचे प्रतिनिधित्व हा पहिला निकष आणि गोठवणसुलभता हा दुसरा निकष असावा.

भीमथडीसारख्या जातीतील वृद्ध नरांचे वीर्य गोठविण्यास लागणारी साधने थर्मोकोलची पेटी, सेंट्रिफ्यूज, सूक्ष्मदर्शक आणि द्रव नायट्रोजनचे पात्र एवढीच आहेत. पशुवैद्यकीय महाविद्यालयांत ती आढळतात. उणीव आहे ती नर हयात असतानाच कामास लागण्याची.